भुतांचे चित्रपट मुलांनी पाहावेत काय?

गेल्या पालकसभेत प्रगतिपुस्तकांचे वाटप आटोपले, फीविषयीच्या चौकशा झाल्या आणि मंडळी उठण्याच्या बेतात असता मागल्या बाकावरील एका गृहस्थांनी उभे राहून आम्हांस एक प्रश्न केला. त्यांची कन्या नववीत शिकते. ती रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन भुताखेतांचे चित्रपट पाहते आणि मग घरात कोणास दिवा मालवू देत नाही. "तेव्हा सर, असले चित्रपट मुलांनी पाहावेत की नाही, हे शाळेने एकदा निक्षून सांगून टाकावे," असे ते म्हणाले. शेजारच्या एका बाईंनी लागलीच आपले मत दिले की, असले काही पाहणे हे पापच होय. आणखी एक गृहस्थ हसून म्हणाले की, भूत मुळी नसतेच, मग त्याला भ्यावयाचे कशाला? तिघांचेही म्हणणे आम्ही ऐकून घेतले आणि उत्तरासाठी थोडी मुदत मागितली. वार्षिकासाठी लेख लिहिण्याची सूचना आली, तेव्हा ते राहिलेले देणे येथेच फेडावे असे आम्ही ठरविले.

आमचे मत आरंभीच सांगतो. पाहावेत की पाहू नयेत, एवढाच प्रश्न आमच्या मते अपुरा आहे. कोणता चित्रपट, कोणत्या वयात, कोणाच्या सोबतीने आणि कोठे बसून, असे चार प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत. त्यांची उत्तरे नीट दिली, तर ह्या जातीच्या निवडक चित्रपटांपासून थोराइतकाच विद्यार्थ्यालाही एक लाभ होतो. आपले भय कोठून येते आणि ते आपल्याकडून काय करविते, हे त्याला दिसू लागते. हे ज्ञान आम्हांस स्वतःला फार उशिरा झाले, आणि त्याची किंमत दुसऱ्याने दिली. ती हकीकत पुढे सांगणारच आहोत.

प्रथम, आम्ही कोणत्या चित्रपटांविषयी बोलत आहोत ते सांगितले पाहिजे. युरोप-अमेरिकेतील मोठ्या शहरांत रेपर्टरी सिनेमा नावाची चित्रगृहे असतात. तेथे नव्या चित्रपटांची गर्दी नसते. पूर्वीचे निवडक चित्रपट तेथे पुन्हा पुन्हा लावले जातात. ग्रंथालयात जुना ग्रंथ मागावा आणि मिळावा, तसाच हा प्रकार. पॅरिस येथे हेन्री लाँग्ल्वा आणि त्यांच्या मित्रांनी 1936 साली चित्रपटांचे संग्रहालय काढले आणि जे जमविले ते लोकांना दाखविण्याचा परिपाठ ठेवला. लंडनमध्ये 1952 साली नॅशनल फिल्म थिएटर सुरू झाले; 1957 साली ते वॉटर्लू पुलाखालील जागेत गेले आणि 2007 पासून ते बी. एफ. आय. साउथबँक ह्या नावाने चालते. आपल्याकडे पुण्यास 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याच्याच आणि ठिकठिकाणच्या चित्रमंडळांच्या कृपेने आम्हांसारख्या गावाकडून आलेल्या विद्यार्थ्यांना जगातील चांगले चित्रपट पाहावयास मिळाले.

आता गंमत अशी की, ह्या गंभीर चित्रगृहांतून गूढ आणि भयाचे जुने चित्रपट वारंवार दाखविले जातात. 2013 च्या अखेरीस लंडनच्या ह्या संस्थेने अशा चित्रपटांची कित्येक आठवडे चाललेली मालिकाच योजिली होती. विद्वान आणि पोक्त माणसे तिकीट काढून भिण्यासाठी का जातात? केवळ दचकविणाऱ्या चित्रपटाची शक्ती एका खेळात खर्च होते. दारामागे कोण उभे आहे हे एकदा कळले की दुसऱ्या वेळी त्या दाराची भीती उरत नाही. जो चित्रपट नव्वद-शंभर वर्षांनंतर, शेवट ठाऊक असतानाही अंगावर काटा आणतो, त्यात दाराखेरीज आणखी काही असले पाहिजे. ते काय, हे पाहणे हाच ह्या लेखाचा विषय आहे.

महाविद्यालयात असताना पुण्यास आम्ही 'नोस्फेरातू' हा जर्मन मूकपट प्रथम पाहिला. म्यूर्नाउ ह्या दिग्दर्शकाने काढलेला हा चित्रपट 1922 सालचा. ब्रॅम स्टोकर ह्यांच्या 1897 सालच्या 'ड्रॅक्युला' ह्या कादंबरीवरून तो रचला होता. परंतु निर्मात्यांनी परवानगी घेतली नव्हती. स्टोकर तोवर निवर्तले होते. त्यांच्या विधवा पत्नीने जर्मनीतील न्यायालयात दाद मागितली आणि 1925 साली चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. कायद्याच्या दृष्टीने बाईंची बाजू खरी होती, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. दुसऱ्याची वही उतरवून काढणे आणि हे, ह्यांत फारसा फरक नाही. तथापि काही प्रती परदेशी गेलेल्या होत्या. त्या वाचल्या, आणि मरणाची शिक्षा झालेला हा चित्रपट आज शंभर वर्षांनंतरही पडद्यावर चालतो आहे.

त्यात भय उत्पन्न करण्याची साधने पाहिली तर अगदी साधी आहेत. अरण्यातून घोडागाडी जाते, तेथे फितीची उलटी प्रत वापरली आहे. त्यामुळे झाडे पांढरी आणि आकाश काळे दिसते. जिन्यावरून काउंट ऑर्लॉक वर चढतो, तेव्हा तो स्वतः दिसत नाही. भिंतीवर त्याची सावली दिसते, आणि लांबलचक बोटांचा हात दाराकडे सरकतो. दिवा, भिंत आणि नट, एवढ्यांवर ते सारे उभे आहे. आमच्या शेजारी बसलेला एक उंचपुरा मल्लविद्येचा शौकीन विद्यार्थी त्या क्षणी आमचा हात घट्ट धरून बसला होता. खेळ संपल्यावर दोघेही पोट धरून हसलो. ते हसणे आम्हांस आजही आठवते, कारण भय ओसरल्यानंतरच्या हसण्यात जी मैत्री असते, ती एकट्याने पांघरुणात बसून पाहणाऱ्यास कधीच मिळत नाही.

न दाखविता भिवविण्याची ही कला पुढे अमेरिकेत आणखी सूक्ष्म झाली, आणि तिला निमित्त झाले ते पैशाच्या टंचाईचे. आर. के. ओ. ह्या कंपनीने व्हॅल ल्यूटन नावाच्या निर्मात्याला स्वस्तातले भयपट काढण्याचे काम दिले. नाव कंपनी ठरविणार, खर्च दीड लाख डॉलरांच्या आत ठेवावयाचा, बाकी काय ते तुम्ही पाहा, असा तो करार. 1942 साली जॅक टूर्नर ह्यांच्या दिग्दर्शनाखाली 'कॅट पीपल' तयार झाला. आपण रागावलो तर बिबळ्याचे रूप घेऊ, अशा धास्तीने पछाडलेल्या एका तरुणीची ती कथा आहे. तीत एक प्रसंग असा: रात्रीच्या वेळी दुसरी एक स्त्री बागेच्या भिंतीकडेने एकटी चालली आहे. मागून पावलांचा आवाज येतो. मग तो आवाज थांबतो, आणि ते थांबणेच अधिक भयंकर वाटते. ती पळू लागते. एकाएकी फुत्कार ऐकू येतो आणि आपण खुर्चीत उडतो. येऊन उभी राहिलेली असते प्रवाशांची एक साधी बस! श्वापद कोठेही नसते. ते आपणच मनात उभे केलेले असते.

ह्याच टूर्नर ह्यांनी 1957 साली इंग्लंडमध्ये 'नाइट ऑफ द डेमन' काढला. त्याची मूळ कथा एम. आर. जेम्स ह्यांची. हे गृहस्थ एका धर्मगुरूचे चिरंजीव, प्राचीन ख्रिस्ती ग्रंथांचे गाढे पंडित आणि अखेरच्या काळात ईटन ह्या सुप्रसिद्ध शाळेचे प्रमुख. नाताळाच्या दिवसांत मेणबत्तीच्या उजेडात मित्रमंडळींना स्वतः लिहिलेल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखविण्याचा त्यांना नाद होता. पापाचा प्रश्न काढणाऱ्या बाईंच्या कानी आम्ही हे नम्रपणे घालू इच्छितो. चित्रपटात मात्र निर्मात्याच्या आग्रहावरून राक्षस प्रत्यक्ष दाखविला गेला, आणि दिग्दर्शकास ते रुचले नाही. आज तो चित्रपट पाहताना ह्या वादाचा निकाल प्रेक्षकास आपोआप लागतो. रानात नुसता धूर आणि आवाज असतो तोवर छाती धडधडते. राक्षसाचे तोंड जवळून दिसू लागले की मागील रांगांतून हसू येते.

ल्यूटन ह्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींत रॉबर्ट वाइज हे एक होते. आमच्या विद्यार्थिनींना त्यांचे नाव नसले तरी काम ठाऊक आहे, कारण स्नेहसंमेलनात ज्याची गाणी दर दोन वर्षांनी म्हटली जातात तो 'द साउंड ऑफ म्यूझिक' त्यांनीच 1965 साली काढला. त्याच्या दोनच वर्षे आधी त्यांनी 'द हाँटिंग' काढला होता. एका झपाटलेल्या वाड्यात चार माणसे राहावयास जातात, एवढेच कथानक. त्यांपैकी एलिनॉर ही आईच्या दुखण्यात सारे तारुण्य घालविलेली, कोणालाच नको असलेली मुलगी. रात्री अंधारात भिंतीपलीकडून कुजबुज ऐकू येते, तेव्हा ती शेजारच्या मैत्रिणीचा हात धरून पडून राहते. हात इतका आवळला जातो की ती ओरडते. दिवा लागतो, मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला असते. मग हात कोणाचा होता? चित्रपट हे सांगत नाही आणि भूतही एकदासुद्धा दाखवीत नाही. मात्र एक गोष्ट आपल्या ध्यानी येते. ज्या वाड्याला बाकीचे भितात, तो वाडा त्या बिचारीला हवासा वाटू लागला आहे, कारण आयुष्यात प्रथमच कोणीतरी तिला नावाने हाक मारीत आहे. भयाच्या मुळाशी पुष्कळदा एकटेपणा असतो, हे मानसशास्त्राच्या पुस्तकातून शिकविण्यास आम्हांस एक सत्र लागले असते.

येथवर भय आणि मन ह्यांचा संबंध झाला. परंतु भय आणि सदसद्विवेक ह्यांचाही संबंध आहे, आणि तो पाहण्यासाठी स्वीडनकडे वळले पाहिजे. सेल्मा लागेरलॉफ ह्या मूळच्या शिक्षिका. शाळेतील मुलांना देशाचा भूगोल शिकविण्यासाठी त्यांनी हंसाच्या पाठीवरून हिंडणाऱ्या नील्स नावाच्या मुलाची गोष्ट लिहिली, आणि 1909 साली वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्या 1912 सालच्या एका कथेवरून व्हिक्टर श्योस्ट्रोम ह्यांनी 'कोरकार्लेन' हा मूकपट काढला. तो 1921 सालच्या पहिल्याच दिवशी प्रदर्शित झाला. वर्षाच्या अखेरच्या रात्री बाराच्या ठोक्याला जो शेवटचा मरेल, त्याने पुढील वर्षभर मृत्यूची गाडी हाकावयाची, अशी त्यात कल्पना आहे. त्या रात्री पाळी येते डेव्हिड होल्म नावाच्या दारुड्यावर.

ही गाडी पडद्यावर आरपार दिसते. घोडा, गाडी आणि गाडीवान ह्यांच्यामागील समुद्र आणि रस्ते दिसत राहतात. शास्त्र शिकणाऱ्या मुलांनी ही युक्ती समजून घ्यावी. एकदा चित्र घेतलेली फीत तशीच मागे गुंडाळून तिच्यावर पुन्हा दुसरे चित्र घ्यावयाचे. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवावा लागे, तेव्हा दोन्ही वेळा हाताची गती सारखी राखणे हे केवढे कौशल्य! युलियुस येन्झोन ह्या छायाचित्रकाराने ते साधले. पण युक्ती समजल्यावरही चित्रपटाचे भय कमी होत नाही, कारण खरे भयंकर त्या गाडीत नाहीच. मुक्तिफौजेची एक तरुण सेविका रात्रभर जागून डेव्हिडचा फाटका कोट शिवून देते आणि त्याच कोटाच्या संसर्गाने तिला क्षय जडतो. सकाळी उठून तो काय करतो? तिच्या डोळ्यांदेखत ती सारी शिवण हसत हसत उसवून टाकतो. आम्ही पुष्कळ भुते पडद्यावर पाहिली. त्या उसविलेल्या शिवणीइतके आम्हांस कोणी भिवविले नाही. मृत्यूचा गाडीवान त्याला त्याचेच गेलेले आयुष्य दाखवीत हिंडतो, आणि आपल्या निराश पत्नीने मुलांसह विष घेण्याचे ठरविले आहे हे पाहून त्या दगडाला पाझर फुटतो. पश्चात्तापावरील कित्येक प्रवचने आम्ही ऐकली आहेत आणि काही दिलीही आहेत. त्यांतील एकही ह्या चित्रपटाच्या पासंगाला पुरणार नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो.

आपल्या मुंबईचाही ह्या परंपरेशी खराखुरा धागा आहे. जोसेफ विर्शिंग हे म्यूनिकचे छायाचित्रकार चित्रपटाच्या कामासाठी हिंदुस्थानात आले आणि पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये राहिले. जर्मन मूकपटांतील छायाप्रकाशाची विद्या त्यांच्यासोबत मालाडला आली असे म्हटले तर चालेल. 1949 साली कमाल अमरोही ह्यांनी काढलेला 'महल' त्यांनीच चित्रित केला. लता मंगेशकर ह्यांना ज्या गाण्याने घरोघर पोहोचविले ते ह्याच चित्रपटातले. खेमचंद प्रकाश ह्यांनी ते दुरून जवळ येत असल्यासारखे बांधले आहे. जुन्या महालात राहावयास आलेला नायक एका गाणाऱ्या स्त्रीला मृतात्मा समजून तिच्या मागे लागतो. अखेरीस ती माळ्याची जिवंत मुलगी ठरते. पण तोवर त्याच्या पत्नीचा संसार आणि प्राण दोन्ही गेलेले असतात. भूत नव्हते, भुतावरील विश्वासाने मात्र घर खाल्ले. भूत मुळी नसतेच असे म्हणून हसणाऱ्या त्या गृहस्थांना आमचे हेच उत्तर आहे. भूत नसले तरी भय असते, आणि भयाच्या भरात माणूस जे करतो ते अगदी खरे असते. ज्या महाराष्ट्रात चेटकीण म्हणून बायकांना छळण्याचे, अंगात आले म्हणून मारहाण करण्याचे प्रकार थांबविण्यासाठी 2013 साली कायदा करावा लागला, तेथे हे अधिक सांगावयास नको.

आता ती आमची हकीकत. पुष्कळ वर्षांपूर्वी, नोकरीच्या आरंभी, आम्ही एका वसतिगृहाची देखरेख करीत होतो. पावसाळ्यात लहान मुलांमध्ये बोलवा उठली की, स्वयंपाकघरामागील विहिरीवर रात्री पांढऱ्या लुगड्यातील हडळ बसते. मुले रात्री लघवीस जाईनात. दोघा-तिघांना ताप भरला. ही गोष्ट आठवीतील एका पोरक्या मुलाने सुरू केली, असे आमच्या कानी आले. आम्ही त्याला संध्याकाळी खोलीत बोलाविले. त्याने सांगितले, "सर, मी बाई पाहिली." आम्ही म्हणालो, "खोटे बोलतोस, कबूल कर." असे चार संध्याकाळी चालले. आम्हांस वाटे की, ह्या पोराच्या ठायी काहीतरी दुष्ट आहे आणि त्याच्याच कल्याणासाठी ते ओढून बाहेर काढणे हे आमचे कर्तव्य आहे. आम्ही त्याला मारले नाही, ह्याचा तेव्हा आम्हांस अभिमानही वाटे. पाचव्या दिवशी त्याने आपण खोटे बोललो असे कबूल केले. सकाळच्या प्रार्थनेस सर्वांदेखत ते त्याच्याकडून वदवून घेतले. दिवाळीच्या सुटीस तो मामाकडे गेला, तो परत आला नाही.

पुढे हिवाळ्यात कळले ते असे. स्वयंपाकाच्या बाईंची तरुण मुलगी त्या वर्षी वारली होती. दिवसा त्यांना रडावयास सवड नसे, म्हणून रात्री भांडी घासून झाल्यावर त्या विहिरीच्या काठी जाऊन बसत. मुलाने बाई पाहिली होती आणि बाई पाहिली एवढेच तो सांगत होता. लहान मुलांनी तिची हडळ केली. त्याच्या सत्याचे असत्य मात्र आम्ही केले. आम्ही त्याच्या मामांच्या गावी पत्र पाठविले. उत्तर आले नाही.

ह्यानंतर काही वर्षांनी मुंबईत एका चित्रमंडळाच्या खेळाला आम्ही 'द इनोसंट्स' पाहिला. हेन्री जेम्स ह्यांच्या 1898 सालच्या कथेवरून जॅक क्लेटन ह्यांनी 1961 साली तो काढला. एका धर्मगुरूची कन्या माइल्स आणि फ्लोरा ह्या दोन अनाथ भावंडांची शिक्षिका म्हणून खेड्यातील मोठ्या वाड्यात येते. तिला मृत माणसे दिसू लागतात. तळ्यापलीकडे लव्हाळ्यात काळ्या वस्त्रातील एक स्त्री नुसती उभी असते. फ्रेडी फ्रान्सिस ह्यांनी चित्राच्या दोन्ही कडा काळवंडून टाकल्या आहेत, त्यामुळे काठावरच्या अंधारात सतत कोणी असल्याचा भास होतो. ती भुते खरी की शिक्षिकेच्या मनातली, ह्यावर रसिकांचे वाद अद्यापि मिटलेले नाहीत. ती बाई दुष्ट नाही. तिचे मुलांवर प्रेम आहे. मुलांनाही ती भुते दिसतात आणि ती लपवितात, अशी तिची खात्री होते. मग त्यांच्याच उद्धारासाठी ती कबुली मागते. "नाव सांग" म्हणून ती माइल्सच्या मागे लागते. अखेर तो नाव उच्चारतो, आणि तिच्या हातांत गतप्राण होतो.

दिवे लागले तरी आम्ही जागचे हललो नाही. भोवतालच्या मंडळींनी एक चांगला भयपट पाहिला होता. आम्ही आमची ती खोली, तो दिवा आणि त्या चार संध्याकाळी पाहिल्या होत्या. इतकी वर्षे आम्ही त्या प्रकरणास गैरसमज म्हणत आलो होतो. त्याचे खरे नाव भय, हे आम्हांस त्या खुर्चीत कळले. वसतिगृहात सर्वांत अधिक भ्यालेला मनुष्य आम्हीच होतो: आपली देखरेख कमी पडली असे वरिष्ठ म्हणतील, ह्याचे भय आम्हांस होते. लहान मुलांनी विहिरीवर भूत पाहिले. आम्ही ते एका मुलात पाहिले.

शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. वादळी रात्री प्रभू येशू पाण्यावरून चालत आले, तेव्हा नावेतील शिष्य त्यांना भूत समजून ओरडले. आपल्याकडे साहाय्यास येणारालाच भय कसे भूत करून दाखविते, ह्याचे याहून मोठे उदाहरण नाही. ते शिष्य घाबरले म्हणून त्यांस कोणी पापी म्हटले नाही. त्यांस धीर देण्यात आला. भय वाटणे हा अपराध नव्हे, हे मुलांस आणि त्यांच्या पालकांस आम्ही पहिल्याने सांगू इच्छितो. त्या भयाचा गुलाम होऊन दुसऱ्यास छळणे हा अपराध होय.

तेव्हा पालकहो, आमचे उत्तर असे आहे. लहान मुलांना हे चित्रपट दाखवू नयेत. ज्याला दिवा आणि सावली ह्यांचा हिशेब अजून समजत नाही, त्याच्या झोपेशी खेळण्याचा कोणासही अधिकार नाही. आठवी-नववीपुढील मुलांना सरसकट मनाई करू नये, कारण मनाईने पांघरूण फक्त अधिक जाड होते. ज्यात रक्ताच्या चिळकांड्यांखेरीज काही नाही, किंवा ज्यात मांत्रिक येऊन अंगारा लावतो आणि सारे ठीक होते, असा चित्रपट घरात आणू नये. पहिला मन बोथट करतो आणि दुसरा बुद्धी. जो दाखवाल तो अखंड पाहा, मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तमच, आणि मुलांशेजारी बसून पाहा. मोबाईलवर भय आले की बोटाने ते थांबविता येते, पुढे ढकलता येते. त्यामुळे ते कधी पुरे होत नाही आणि अपुरे राहिलेले भयच रात्री उशाशी येऊन बसते. चित्रगृहात ते आरंभापासून शेवटापर्यंत सोसावे लागते, पण ते सोसताना आजूबाजूस शंभर माणसे श्वास रोखून बसलेली असतात. आपण एकटेच भ्यालो नाही, हा दिलासा मग घरापर्यंत पुरतो. आणि परतताना मुलांना एवढेच विचारा: त्यात सर्वांत अधिक भ्यालेले कोण होते, आणि त्या भयापायी त्याने काय केले?

आपल्या गावात जुने चित्रपट दाखविणारे चित्रगृह नाही. परंतु शाळेत सभागृह आहे, पडदा आहे आणि चित्र टाकण्याचे यंत्रही आहे. नाताळाच्या सुटीपूर्वी एका संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांना 'कोरकार्लेन' दाखवावा, अशी विनंती आम्ही मुख्याध्यापकांस करणार आहोत. तो मूकपट असल्याने संगीतशिक्षकांनी पेटीवर साथ केली तर सोन्याहून पिवळे. प्रवेशाची अट मात्र एकच राहील: प्रत्येक मुलासोबत आई किंवा वडील आले पाहिजेत.

विद्यार्थिमित्रहो, त्या रात्री तुम्ही भ्यालात तर लाजू नका. घरी जाताना वाटेवरच्या पिंपळाकडे पाहून तुमची पावले भराभर पडू लागली, तर क्षणभर थांबा आणि पिंपळाखाली खरोखर कोण बसले आहे ते नीट पाहा. कदाचित कोणी नसेल. कदाचित कोणी दुःखी माणूस असेल, आणि त्याला विचारपूस करणाराची गरज असेल. आणि मागल्या बाकावरील त्या गृहस्थांस आमचा निरोप असा की, त्यांच्या कन्येच्या शेजारची खुर्ची आम्ही त्यांच्यासाठी राखून ठेवणार आहोत. तिने त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेऊ नये.